पाचशे लिटरची टाकी, दोन वाफे: घरच्या अ‍ॅक्वापोनिक्सची मांडणी, हिशेब आणि निगा

शेतावर राहायला जायचं मनात असतं, पण जमीन नसते किंवा नोकरी सोडवत नाही. अशांना अ‍ॅक्वापोनिक्स खुणावतं: मासे आणि भाजी एकाच पाण्यावर, मातीशिवाय, अंगणाच्या एका कोपऱ्यात. फोटोंमध्ये हिरवेगार वाफे आणि खाली फिरणारे मासे दिसतात. रोज सकाळी ज्यावर खाद्य तोललं जातं तो वजनकाटा मात्र दिसत नाही, आणि खरं तर सगळी मांडणी त्याच काट्यावर ठरते.

या लेखात एकच मांडणी शेवटपर्यंत नेली आहे: ५०० लिटरची माशांची टाकी, खडीने भरलेले एकेक चौरस मीटरचे दोन वाफे आणि पाणी गोळा व्हायला एक सम्प. याहून लहान मांडणी करता येते, पण कमी पाण्यात तापमान आणि सामू (म्हणजे पीएच) झपाट्याने हलतात आणि चूक सावरायला वेळ मिळत नाही.

आधी खाद्य, मग बाकी सगळं

माशांच्या खाद्यातल्या प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतं. मासा त्यातलं थोडं अंगी लावतो, उरलेलं बहुतांश कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. खडीवर वाढणारे जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट माशांना घातक. नायट्रेट मात्र मासे बऱ्यापैकी सोसतात आणि झाडं आनंदाने खातात. म्हणजे झाडांचं खत हे टाकीत पडणाऱ्या खाद्यातून येतं. टाकी किती मोठी किंवा मासे किती, हे प्रश्न नंतरचे.

म्हणून हिशेब असा मांडायचा: पालेभाजीच्या एक चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य, टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांना ५० ते ८० ग्रॅम. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१४ च्या पुस्तिकेत हेच प्रमाण दिलं आहे. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी तरंगत्या तराफ्यांच्या पद्धतीसाठी ६० ते १०० ग्रॅम सांगितलं होतं. तिथे गाळ वेगळा काढून टाकतात, म्हणून आकडा जास्त. खडीच्या वाफ्यात गाळ आतच कुजतो आणि त्यातलंही पोषण झाडांना मिळतं.

आपले वाफे २ चौरस मीटर, म्हणजे पालेभाजीसाठी रोज ८० ते १०० ग्रॅम खाद्य. वाढलेला मासा दिवसाला वजनाच्या साधारण १ टक्का खातो, तेव्हा १०० ग्रॅम संपवायला १० किलो मासे लागतात. ५०० लिटरमध्ये १० किलो म्हणजे घनमीटरला २० किलो. नवख्याने याच्यावर जाऊच नये. त्याच्या निम्म्यावर राहिलात तर झोप चांगली लागेल.

पदरात काय पडतं? चौरस मीटरला २० ते २५ रोपं, म्हणजे दोन्ही वाफ्यांत मिळून ४५च्या आसपास. लेट्यूससारखं पीक पाच आठवड्यांत निघतं, तेव्हा आठवड्याला नऊ गड्डे. घराला पुरेल, थोडं शेजारीही देता येईल. यावर पोट भरण्याचा विचार या आकारात करू नये.

सामान आणि जागा

जागा ठरवताना वजन आधी बघा. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन. ३० सेंटिमीटर खोल खडीचा वाफा पाण्याने भरला की चौरस मीटरला सुमारे ६०० किलो होतो. गच्चीवर करायचं असेल तर इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय एक पोतंही वर चढवू नका. खडीऐवजी भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्या वापरल्या तर भार बराच उतरतो. झाडांना दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं, टाकीला मात्र सावली. उन्हातल्या टाकीत शेवाळ माजतं, पाणी तापतं, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो.

टाकी, सम्प आणि वाफे प्लास्टिकचे, खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी चालणारे घ्या. आधी रसायन भरलेला पिंप कितीही धुतला तरी नको. तांबं, पितळ आणि जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड पाण्याला कुठेच लागू देऊ नका, नळाची एखादी तोटीसुद्धा नाही. तांबं आणि जस्त अगदी थोडं विरघळलं तरी मासे दगावतात. कोरं सिमेंट सामू वर ढकलत राहतं.

खडी ८ ते २० मिलिमीटरची. त्याहून बारीक खडी तुंबते. त्याहून जाड खडीत जिवाणूंना चिकटायला जागा कमी पडते. विकत घेण्याआधी मूठभर खडीवर व्हिनेगर ओता. बुडबुडे आले तर ती चुनखडीची आहे. ती पाण्याचा सामू ८च्या आसपास धरून ठेवेल आणि झाडांना लोह मिळणार नाही. दोन वाफ्यांना ६०० लिटर, म्हणजे जवळपास एक टन खडी लागते. ती पाणी नितळ येईपर्यंत धुवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे वाचवलेला तास पुढे पंपाच्या जाळीत अडकलेल्या चिखलात वसूल होतो.

पंप पाण्यात बुडणारा, ताशी २००० लिटरचा. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. दीड मीटर चढवल्यावर निम्माच प्रवाह उरू शकतो, आणि आपल्याला ताशी १००० लिटरच हवेत. मोजायचं सोपं आहे: १० लिटरची बादली ३६ सेकंदांत भरली पाहिजे. हवेसाठी वेगळा एअर पंप, मिनिटाला ५ ते ८ लिटरचा, दोन एअर स्टोनसह (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड). तो पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा, नाहीतर वीज गेली की नळीतून पाणी उलटं पंपात शिरतं.

पाण्याचा रस्ता

पंप सम्पमधून पाणी माशांच्या टाकीत चढवतो, टाकीतून ते ओसंडून वाफ्यांत जातं, वाफ्यांतून पुन्हा सम्पमध्ये. या क्रमाचा मोठा फायदा असा की पंप बंद पडला किंवा वाफ्याचा पाईप फुटला तरी माशांची टाकी रिकामी होत नाही.

उंच्या अशा बसवा: सम्प जमिनीवर, ५० सेंटिमीटरपर्यंत उंच. वाफ्यांचा तळ ६० सेंटिमीटरवर, त्यांचा काठ ९५ वर. माशांच्या टाकीतली पाण्याची पातळी १०५ सेंटिमीटर किंवा जास्त, म्हणजे टाकीखाली मजबूत ओटा लागणार. सम्प जमिनीत पुरला तर सगळंच खाली येतं आणि पंपावरचा ताणही कमी होतो.

सम्पचा आकार डोळ्यांच्या अंदाजाने घेऊ नका. खडीत सुमारे ४० टक्के पोकळी असते. दोन वाफे २५ सेंटिमीटरपर्यंत एकदम भरले तर २०० लिटर पाणी वर अडकतं. पंप बुडून राहायला खाली १०० लिटर तरी हवेत. म्हणजे ३०० लिटर पाणी आणि वर थोडी रिकामी जागा: सम्प ३५० लिटरचा.

टाकीतून पाणी बाहेर नेणारा पाईप ५० मिलिमीटरचा. त्याचं आतलं टोक तळाशी ठेवा, म्हणजे तो वरचं स्वच्छ पाणी न नेता तळाची विष्ठा उचलतो. टाकीतल्या उभ्या पाईपच्या माथ्यावर टी लावून त्याचं वरचं तोंड उघडं सोडा. ते बंद केलंत तर सायफन लागून टाकी तळापर्यंत उपसली जाईल. पंपाकडून येणाऱ्या पाईपचं टोकही पाण्याच्या वरच ठेवा, कारण बुडलेल्या टोकातून वीज गेल्यावर पाणी उलटं सम्पमध्ये उतरतं. दोन वाफ्यांकडे जाणाऱ्या फांद्यांवर एकेक व्हॉल्व्ह बसवा आणि टाकीला आणखी थोड्या वरच्या उंचीवर दुसरा, थेट सम्पमध्ये उतरणारा पाईप द्या. व्हॉल्व्हमध्ये गाळ कधी ना कधी अडकतोच. तेव्हा हा दुसरा पाईप पाणी अंगणात जाण्यापासून वाचवतो.

बेल सायफन, आणि तो का रुसतो

वाफा भरायचा आणि मग झपाट्याने रिकामा व्हायचा, म्हणजे मुळांना पाणी आणि हवा आळीपाळीने मिळते. हे काम बेल सायफन वीज न वापरता करतो. वाफ्याच्या तळातून वर येणारा २५ मिलिमीटरचा उभा पाईप, उंची २५ सेंटिमीटर, जेणेकरून वरची ५ सेंटिमीटर खडी कोरडी राहील. त्यावर ७५ मिलिमीटरच्या पाईपची, वरून बंद केलेली टोपी; तिच्या खालच्या कडेला दोन-तीन सेंटिमीटर उंचीच्या खाचा. या सगळ्याभोवती ११० मिलिमीटरचा, भोकं पाडलेला पाईप, खडी आत येऊ नये म्हणून. टोपी आणि उभ्या पाईपच्या माथ्यामध्ये दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवा.

पाणी माथ्यावर आलं, नुसतं धारेने उतरत राहिलं आणि सायफन लागलाच नाही, तर प्रवाह कमी आहे किंवा टोपी कुठूनतरी हवा घेते आहे. टोपीचा सांधा पुन्हा चिकटवा, व्हॉल्व्ह थोडा उघडा. उभ्या पाईपच्या माथ्यावर ५० वरून २५ मिलिमीटरवर येणारा रिड्यूसर नरसाळ्यासारखा बसवला तर सायफन सहज लागतो, आणि वाफ्याखाली बाहेर पडणाऱ्या पाईपला एक एल्बो जोडला तर आणखी खात्रीने.

उलट तक्रार अशी, की सायफन लागला पण तुटत नाही: वाफा रिकामा होऊनही पाणी गुरगुरत वाहत राहतं. तेव्हा येणारं पाणी जास्त आहे, खाचांपर्यंत हवा पोहोचतच नाही. व्हॉल्व्ह आवळा. ताशी ५०० लिटरने वाफा साधारण १२ मिनिटांत भरतो आणि दोन-तीन मिनिटांत उतरायला हवा. सायफन सुरळीत चालू असताना प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्यावर खूण करून ठेवा. साफसफाईनंतर तीच जागा पुन्हा शोधण्यात संध्याकाळ जात नाही.

टाकी मुरवणं: मासे नसलेले चार ते सहा आठवडे

सगळ्यांत जास्त मासे इथे मरतात, कारण लोकांना थांबवत नाही. पाणी भरून लगेच मासे सोडले तर अमोनिया खाणारे जिवाणू अजून आलेलेच नसतात.

नळाचं पाणी असेल तर एअर स्टोन लावून दोन दिवस ठेवा, क्लोरीन उडून जातो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं. ते असं उडत नाही, त्यासाठी मत्स्यटाकीसाठी मिळणारं क्लोरीन काढण्याचं द्रव्य किंवा कोळशाची गाळणी लागते. पाणीपुरवठा करणाऱ्यांना विचारून घ्या.

मग अमोनिया द्या. सगळं मिळून पाणी ८०० लिटर. ६ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड विरघळवलं की लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र होतं. थेंबांचा टेस्ट किट घ्या, पट्ट्यांपेक्षा तो भरवशाचा. एखाद्या निरोगी, जुन्या मत्स्यटाकीतली ओंजळभर खडी मिळाली तर वाफ्यात पुरा. विरजणासारखं ते काम करतं आणि एखाद-दोन आठवडे वाचतात. शेण किंवा कोंबडीची विष्ठा मात्र अमोनियासाठी घालू नका, त्यातले रोगजंतू पुढे कच्च्या पानांवर येतील.

एक दिवसाआड मोजा. अमोनिया उतरला की पुन्हा द्या, पण ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. आठवडाभरात नायट्राइट दिसू लागेल, मग चढेल, आणि बरेच दिवस वरच रेंगाळेल. दुसऱ्या जातीचे जिवाणू हळू वाढतात, म्हणून इथे धीर सुटतो. सामू ७ ते ८ आणि पाणी २० अंशांपेक्षा गरम असेल तर काम वेगाने होतं. नायट्रेट दिसू लागल्यावर थोडी रोपं लावून टाका. ज्या दिवशी ६ ग्रॅमची मात्रा दिल्यावर २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतील, त्या दिवशी टाकी माशांसाठी तयार.

मासे

पाण्याचं तापमान बघून जात निवडा, आवडीने नव्हे. तिलापिया २७ ते ३० अंशांत उत्तम वाढतो आणि गारठ्यात मरतो. कार्प जास्त चढउतार सोसतात. ट्राउटला १५ अंशांच्या आसपासचं थंड पाणी लागतं. खायचे नसतील तर गोल्डफिश किंवा कोई, खत तेही तसंच देतात. काही देशांत तिलापियासारख्या परक्या जाती पाळायला परवाना लागतो, तो आधी बघा.

साधारण १५ ग्रॅमची २५ बोटुकली (माशांची पिल्लं) आणा. पिशवी टाकीत १५-२० मिनिटं तरंगू द्या, आपलं थोडं पाणी पिशवीत घाला, मग मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. पहिला दिवस उपाशी ठेवा. टाकीवर जाळी हवीच, नवे मासे उड्या मारतात.

आता सुरुवातीचा हिशेब पुन्हा काढा. २५ मासे, १५ ग्रॅमचे, म्हणजे ३७५ ग्रॅम. लहान मासे वजनाच्या ५ टक्के खातात, म्हणजे दिवसाला १९ ग्रॅम. हे खाद्य जेमतेम अर्ध्या चौरस मीटरच्या पालेभाजीला पुरतं! दोन्ही वाफे पहिल्याच महिन्यात भरले तर रोपं फिकट पडणारच, आणि मग जादा खाद्य टाकायचा मोह होतो. तसं करू नका. न खाल्लेलं खाद्य कुजून ऑक्सिजन खातं. एका वाफ्याच्या कोपऱ्यापासून सुरू करा आणि दर दोन आठवड्यांनी पाच-सहा मासे तोलून, खाद्य वाढेल तशी लागवड वाढवा. ४०० ग्रॅमचे २५ मासे म्हणजे १० किलो. तिथे पोहोचलात की मोठे मासे काढायला लागा.

खाद्य ३२ टक्के प्रथिनांचं, तरंगणारं, दिवसातून दोनदा. वीस मिनिटांत न संपलेलं जाळीने काढा. मासे खायला वर आले नाहीत तर खाद्याचा डबा ठेवून टेस्ट किट उचला.

रोपं, आणि पानांवरून ओळखायची उणीव

रोपं नारळाच्या काथ्याच्या भुशात वाढवून चार-पाच पानांवर लावा, मुळांना माती लागलेली असेल तर धुऊन. सगळी एकदम लावू नका, दर आठवड्याला थोडी. पहिल्या महिन्यांत लेट्यूस, पालक, बेसिल, पुदिना. फळभाज्या मासे मोठे झाल्यावर.

माशांच्या खाद्यात लोह, पालाश (पोटॅशियम) आणि कॅल्शियम झाडांच्या गरजेपेक्षा कमी असतं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहून झाडांना घेता येणारं) लिटरला २ मिलिग्रॅम द्या: ८०० लिटरला १.६ ग्रॅम लोह, म्हणजे ६ टक्क्यांच्या भुकटीचे सुमारे २७ ग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. डीटीपीए प्रकारचं घ्या. सामू साडेसातच्या वर असेल तर ईडीडीएचए, त्याने पाणी लालसर होतं, घाबरू नका. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश कमी. कोवळ्या पानांची टोकं करपली किंवा टोमॅटोचा बूड काळा पडला तर कॅल्शियम. पूर्ण जुनं पानच फिकट पडलं तर नत्र, म्हणजे पुन्हा खाद्याचा हिशेब.

जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होतं, त्यामुळे सामू हळूहळू उतरत राहतो. ६.५ ते ७ मध्ये धरा. ६.५ च्या खाली गेला की एकदा पोटॅशियम बायकार्बोनेट, पुढच्या वेळी कॅल्शियम हायड्रॉक्साइड, अशी पाळी ठेवा. पालाश आणि कॅल्शियमची उणीव त्यातच भरून निघते. बादलीत विरघळवून सम्पमध्ये थोडं थोडं ओता आणि दिवसात ०.२ पेक्षा जास्त हलवू नका. सामू ६ च्या खाली घसरला तर जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साचू लागतो. तेव्हा घाईने सामू चढवणं सगळ्यांत घातक: २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियातला विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, ८ ला तो ५ टक्क्यांवर जातो.

कीड आली तर फवारणीची सवय विसरा. कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणीसुद्धा माशांना बाधतं. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडा, अळ्या हाताने वेचा किंवा बीटी हे जैविक कीटकनाशक फक्त पानांवर मारा, भुरीवर पोटॅशियम बायकार्बोनेटचा हलका फवारा चालतो. कच्ची खायची पानं वाफ्याच्या पाण्याने भिजू देऊ नका आणि काढल्यावर स्वच्छ पाण्याने धुवा.

रोजची निगा आणि आणीबाणी

सकाळी दहा मिनिटं: दोन्ही वाफ्यांत पाणी येतंय का, मासे खायला येतात का, तापमान किती, सम्पची पातळी किती उतरली. रोज एक ते तीन टक्के, म्हणजे ८ ते २४ लिटर पाणी उडतं. क्लोरीन काढलेलं पाणी हाताने भरा. आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह सोयीचा वाटतो, पण तो गळती लपवतो. आठवड्यातून एकदा सामू, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजून वहीत लिहा. महिन्यातून एकदा पंपाची जाळी आणि सायफन साफ करा. वाफ्यांत मूठभर लाल गांडुळं सोडली की गाळ बराच पचतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर समजा खडीत गाळ बसून तिथे हवा पोहोचत नाही. तेवढा भाग उकरून धुवा, सगळा वाफा एकदम नाही.

अमोनिया किंवा नायट्राइट १ मिलिग्रॅमच्या वर गेला तर खाद्य बंद, तिसरा हिस्सा पाणी बदला, हवा वाढवा आणि मेलेला मासा शोधा. तो बहुधा पाईपच्या मागे असतो. नायट्राइटसाठी लिटरला १ ग्रॅमपर्यंत साधं मीठ कल्ल्यांचं रक्षण करतं, पण स्ट्रॉबेरी आणि घेवड्याला ते सोसत नाही. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेताना दिसले तर ऑक्सिजन कमी आहे. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली तो जाऊ नये.

वीज जाणं हा खरा शत्रू. भरलेल्या टाकीत हवा बंद झाली तर तासाभरात मासे कासावीस होऊ शकतात, म्हणून वीज गेल्याबरोबर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप पहिल्या दिवसापासून लावा आणि महिन्यातून एकदा मुद्दाम वीज बंद करून तो चालतो का बघा. वीज नसताना खाद्य देऊ नका. दोन-तीन दिवस गावाला जायचं असेल तर मासे उपाशी राहू शकतात. त्याहून जास्त दिवसांसाठी टाकीची माहिती असलेला माणूस लागतो, आणि त्याला रोजच्या खाद्याच्या पुड्या तोलून बांधून द्या, नाहीतर प्रेमापोटी दुप्पट खाद्य पडतं.

सहा-आठ महिन्यांनी मांडणी वाढवावीशी वाटेल. तेव्हा वहीतला नायट्रेटचा स्तंभ बघा. आकडा दर आठवड्याला चढत १५० मिलिग्रॅमच्या पुढे जात असेल तर झाडं कमी पडतात, तिसरा वाफा जोडा. पण सम्प त्याच हिशेबाने वाढवून. आकडा शून्याजवळ घोटाळत असेल आणि पानं फिकट असतील तर वाफा वाढवून उपयोग नाही, खाद्यच कमी आहे. आणि १० ते १००च्या मध्ये स्थिर असेल तर काही हलवू नका.